पाचशे चाळीस

गल्ली नंबर सहाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला बावीस फेरे लागतात. पितांबर सतराव्या फेऱ्यावर होता की अठराव्या, ते त्याला आठवेना. कमरेएवढी उंच लोखंडी चावी खड्ड्यात बसवलेली, दोन्ही हात आडव्या दांड्यावर, मोबाइल कान आणि खांद्याच्या मधे दाबून धरलेला, आणि मोबाइलमधून मृणाली बोलत होती. तो हात न हलवता तसाच उभा राहिला. धुळ्यात देवपूरच्या या भागात तो एकतीस वर्षं महापालिकेचं पाणी सोडत होता. कोरोनात रिकाम्या रस्त्यावर एकट्याने चावी फिरवली होती, बायको गेल्यावर चौदाव्या दिवशी कामावर आला होता, पण फेरे कधी चुकले नव्हते. फेरे डोक्याने मोजायचे नसतात, हात आपोआप मोजतात, असं तो नव्या माणसांना सांगायचा. आज हातांनी मोजणं सोडलं होतं.

"पप्पा, ऐकताय ना?"

"ऐकतोय, बोल."

"तीनशे अर्जांतून नऊ जणांना बोलावलंय. जागा दोन. शुक्रवारी दुपारी मुलाखत, ऑनलाइनच."

मृणाली, त्याची एकुलती एक मुलगी, जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. गेल्या दिवाळीपासून तिने पीएचडीच्या जागा शोधायचं खूळ घेतलं होतं. परदेशातल्या विद्यापीठांच्या जाहिराती ती रोज पाहायची आणि रविवारी फोनवर त्याला समजावून सांगायची. कॉम्प्युटरवर माणसाचं हृदय बनवतात. खरं नाही, गणिताचं. एकेका पेशंटचे कागद घेऊन त्याच्या मापाचं हृदय तयार करायचं, औषध आधी त्याच्यावर करून पाहायचं, मग माणसाला द्यायचं. या कामाला डॉक्टर लागत नाहीत, गणितवाले आणि इंजिनिअर लागतात, आणि चार वर्षं तेवढंच एक काम करायला मिळतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पितांबर म्हणाला होता, "डॉक्टरकी न शिकता हृदयाची डॉक्टर कशी होशील तू?" ती हसली होती. "पीएचडीची डॉक्टर, पप्पा. माणसाला हात लावायचा नाही." मग तो म्हणाला होता, "म्हणजे पंपच की. व्हॉल्व्ह आहेत, प्रेशर आहे." ती म्हणाली, "पंपावर काम करणारे वेगळे. मला पॅनलचं काम करायचंय. करंट कुठून निघतो, कुठे अडतो, पंप चांगला असून ट्रिप का होतो." ते मात्र त्याला पटकन कळलं होतं. पंपहाऊसवर असं होतं. मोटर चांगली, पाणी भरपूर, आणि पॅनल ट्रिप झालं की सगळं गप्प. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काहीच तर बिघडलेलं नाही.

"दहा मिनिटं बोलायचंय, पप्पा. तुमचा प्रश्न काय, एवढंच. मी इंग्रजीत लिहिलंय, तुम्हाला मराठीत सांगते. माझी आई सेहेचाळिसाव्या वर्षी उभ्या उभ्या गेली. त्याच्या अकरा दिवस आधी तिचा ईसीजी काढला होता. तो नॉर्मल होता. अकरा दिवसांवर आलेलं मरण त्या कागदाला दिसलं नाही. का दिसलं नाही, हा माझा प्रश्न आहे." ती थांबली. "कसं वाटलं?"

"चांगलं लिहिलंय," पितांबर म्हणाला.

"तो कागद आहे ना तुमच्याकडे? तुम्ही म्हणाला होतात, जपून ठेवलाय. उद्या घेऊन या. फोटो नको, मला नीट स्कॅन करायचाय. त्याच्यावरून आईचं हृदय बनवते मी. छोटंसं. शुक्रवारी त्यांना चालवून दाखवते."

तेवढ्यात समोरच्या ओट्यावरून कुंदाबाई ओरडली, "ओ भाऊ, आमले पाणी सोडी ऱ्हायनात का मोबाइलले पाजी ऱ्हायनात?" बाकीच्या बाया हसल्या. तो येतो म्हणाला, फोन ठेवला, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून एकपासून पुन्हा मोजायला लागला.

कागद कपाटात होता. गोदरेजच्या कपाटात खालच्या कप्प्यात, जिथे घरातले सगळे महत्त्वाचे कागद होते. रेशनकार्ड, लग्नाची पत्रिका, मृणालीच्या दहावीपासूनच्या मार्कशीट, तो नोकरीत कायम झाल्याचा आदेश, सगळ्यांना प्लॅस्टिक चढवलेलं. त्याचे वडील शाळेत गेले नव्हते. कागद भिजला की माणूस बुडाला, असं ते म्हणायचे, आणि कोणताही सरकारी कागद हातात आला की आधी त्याला पिशवीत घालायचे. पितांबरने ते पुढे नेलं. ज्या कागदाची किंमत, त्याला लॅमिनेशन. बायको, प्रमिलाबाई, गेल्यावर दोन महिन्यांनी त्याने ईसीजीची पट्टी पाहिली तर रेघा फिकट व्हायला लागल्या होत्या. तिच्या हृदयाने स्वतः काढलेल्या रेघा. तिची सही फक्त बँकेच्या पासबुकात होती, तिचे फोटो दुसऱ्यांनी काढलेले होते, पण या रेघा तिच्या होत्या. पट्टी घेऊन तो कोर्टासमोरच्या रुपचंदच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला. रुपचंद त्याच्याच वयाचा, गावाकडचा. त्याने पट्टी बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, हाऊ मशीनना कागद शे. गरम व्हयना का काया पडस. झेरॉक्स काढी ले, ती टिकी."

पितांबर म्हणाला, "झेरॉक्स नको. हाच पाहिजे. कर."

हे नक्की असंच झालं का, हे तो तीन वर्षं स्वतःला विचारत होता. दुकानात गर्दी होती, मशीनचा आवाज होता. नीट ऐकू आलं नाही, असं म्हणता आलं असतं. पण त्याला ऐकू आलं होतं. प्लॅस्टिकच्या दोन थरांमधे ठेवलेली पट्टी गरम रुळांत शिरली आणि दुसऱ्या बाजूने आधी किनार काळी निघाली, मग सगळीच. गुलाबी चौकटी गेल्या, रेघा गेल्या, कोपऱ्यात डॉक्टरांनी पेनाने लिहिलेलं होतं तेही काळ्यात बुडालं. "मी म्हणेलच व्हतं तुले," रुपचंद म्हणाला. आणि त्याच क्षणी पितांबरच्या पोटात काहीतरी सैल झालं होतं. ते काय होतं, हे त्याने पुढे कधी नीट पाहिलं नाही. रात्रभर आवळून धरलेली मूठ सकाळी आपोआप उघडावी तसं. कागद हरवल्याचं दुःख झालं, ते खोटं नव्हतं. पण आधी ते सैल होणं झालं, आणि मग दुःख.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो जळगावच्या बसमधे बसला. खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवीत काळी पट्टी आणि मृणालीसाठी कुंदाबाईने दिलेलं लोणचं. पारोळ्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी होती, बोंडं फुटलेली, आणि ऊन असं की डोळे बारीक करून बसावं लागत होतं. त्याला सांगायची वाक्यं जुळवायची होती. मृणाल, एक गोष्ट सांगायची राहिली. हे बरोबर नव्हतं. राहिली नव्हती, ठेवली होती. मृणाल, तुझी आई आणि मी, आम्ही दोघांनी ठरवलं होतं. हेही बरोबर नव्हतं. दोघांनी म्हटलं की अर्धं तिच्यावर जातं, आणि ती आता बोलायला नाही. वाक्य जुळेना. त्याऐवजी कुकरची शिट्टी आठवत राहिली. त्या सकाळी कुकरने शिट्टी दिली आणि ओट्याशी उभी असलेली प्रमिलाबाई खाली बसली, बसली म्हणजे पडलीच, आणि अर्ध्या मिनिटाने डोळे उघडून म्हणाली, "काय व्हयनं?" तो हसला होता. शिट्टीला घाबरली, म्हणाला होता. तीही हसली. संध्याकाळी मोबाइल वाजला तेव्हा पुन्हा तसंच झालं. तेव्हा मात्र तो तिला चौकातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टर म्हातारे होते, सावकाश काम करायचे. पट्टी टेबलावर ठेवून त्यांनी प्लॅस्टिकची फूटपट्टी लावून बारीक चौकटी मोजल्या. मग पुन्हा पट्टी काढायला लावली. पुन्हा मोजल्या. मग पेन काढून कोपऱ्यात आकडा लिहिला, पाचशे चाळीस, आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. त्या रेघांखाली लिहिलं, नाशिक, उद्याच. "चारशे चाळीस, चारशे साठ मिलिसेकंदांपर्यंत आम्ही चालवून घेतो," ते म्हणाले. "हे फार आहे. करंट परत भरायला वेळ लागतोय, तेवढ्यात दचकल्या तर ठोके बिघडतात. मी इथे अंदाजाने गोळी देत नाही. नाशिकला माझ्या ओळखीचे आहेत, चिठ्ठी देतो. आणि तोवर मोठा आवाज एकदम कानावर पडू देऊ नका." प्रमिलाबाई मान डोलवत होती, मास्तरांपुढे पोर डोलवतं तशी.

बाहेर येऊन स्कूटरवर मागे बसल्यावर ती म्हणाली, "कोणले काहीच सांगानं नई."

"आणि नाशिक?"

"नाशिक काय पळी जाई ऱ्हायनं का? कानबाई बसाडी लिऊ, मंग जाऊत."

श्रावण सुरू झाला होता. कानबाई बसायला दहा दिवस होते. पितांबरचं गाव दोंडाईच्याजवळ, तिथे सगळ्या भावबंदांची मिळून एक कानबाई, कुळाची देवी, बसते, नागपंचमीनंतरच्या रविवारी. देवी बसवण्याचा मान थोरल्या घरचा, म्हणजे त्याचा भाऊ हिलाल आणि वहिनी भिकुबाई यांचा. पण त्या वर्षी भिकुबाईचा पाय मोडला होता आणि मान पहिल्यांदा प्रमिलाबाईकडे आला होता. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने धान्य मोजून घ्यायचं, ते दळायचं, त्याचे रोट करायचे, आणि ते रोट भावबंदांनीच खाऊन संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. बाईचं दुखणं घरात कळलं असतं तर धान्याला तिचा हात लागू दिला नसता कुणी. ती पंचवीस वर्षं त्या घरात दुसरी सून होती. भांडी घासायला पहिली, देवीला हात लावायला शेवटची. पितांबरला हे माहीत होतं. तो बरं म्हणाला.

एरंडोलला बस थांबली तेव्हाही तो त्या बरं पाशीच होता. अशा वेळी लोक म्हणतात, बायकोचं मन मोडवलं नाही. तसं नव्हतं. खरं सांगायचं तर तिने ते म्हटल्यावर त्यालाच हायसं वाटलं होतं. नाशिकचं मोठं हॉस्पिटल, कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, कुणाला साहेब म्हणायचं, याची त्याला भीती होती. शिवाय त्यालाही वाटत होतं, भावबंदांनी पाहावं, यंदा देवी पितांबरच्या बायकोने बसवली. आणि ती चांगली दिसत होती. ते दहा दिवस ती इतकी चांगली दिसत होती की तसं तिला लग्नानंतर त्याने पाहिलं नव्हतं. मेल्यावर माणसाचा शेवटचा चेहरा आठवतो म्हणतात. त्याला ते दहा दिवस आठवायचे, पिठाने पांढरे झालेले तिचे कोपर आठवायचे, आणि त्या आठवणीला धरून बसावं तर खालून आकडा वर यायचा.

सोमवारी सकाळी देवी नदीवर न्यायची होती. चौरंग प्रमिलाबाईच्या डोक्यावर. नारळाची देवी, दागिने घातलेली, फुलांनी झाकलेली. बाया फुगड्या घालून दमल्या होत्या, बँडवाले दाराशी विड्या ओढत बसले होते. तिने चौरंग डोक्यावर घेतला, दोन पावलं टाकली, आणि बँडवाल्यांनी एकदम सुरू केलं. मोठा ढोल तिच्या पाठीशी दोन हातांवर होता. पितांबर पुढे रस्ता मोकळा करत होता. त्याने वळून पाहिलं तेव्हा ती उभी होती, डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत ती नव्हती. चौरंग कलला. सगळे धावले. आठ-दहा हात देवीकडे गेले, देवी खाली पडू दिली नाही, आणि त्या हातांत दोन हात पितांबरचे होते. प्रमिलाबाई त्यांच्यामधून खाली गेली. तिला धरायला कुणाचा हात मोकळा नव्हता.

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांना ते वेगळं वाटलं नव्हतं. देवी आधी सावरायची, यात कुणाला काय वाटणार. बायांनी म्हटलं, भाग्याची, सवाष्ण गेली, देवीच्या सेवेत गेली, काही कळलंसुद्धा नाही तिला. मृणाली शिरपूरच्या होस्टेलवरून आली, तिचं शेवटचं वर्ष होतं. आईपाशी ती फार वेळ बसली नाही. बापाला बाजूला घेऊन तिने एकच विचारलं, "कधी काही तपासलं नव्हतं का?" त्या प्रश्नाला दोन उत्तरं होती आणि पितांबरला दोन्ही देववेनात. नाही म्हटलं तर बायकोला कधी दवाखाना न दाखवणारा माणूस ठरत होता. हो म्हटलं तर पुढचं सांगावं लागत होतं. तो म्हणाला, "तपासलं होतं ना, माय. ईसीजी काढला होता. नॉर्मल होता." मुलीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. त्या डोक्याच्या वजनाखाली ते वाक्य खरं झालं. पुढे एकदा दत्त मंदिर चौकात डॉक्टरांनी गाडीची काच खाली करून विचारलं होतं, "नाशिकला काय म्हणाले?" "जाणारच होतो, साहेब," पितांबर म्हणाला. डॉक्टर त्याच्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी काच वर केली. तेव्हापासून तो त्या चौकातून जात नव्हता. वर्षभराने डॉक्टर दवाखाना बंद करून मुलाकडे पुण्याला गेले, आणि आता धुळ्यात तो आकडा माहीत असलेला तो एकटाच उरला होता.

मृणालीची खोली रिंग रोडच्या आत होती, दुसऱ्या मजल्यावर. तिने चहा केला. टेबलावर लॅपटॉप उघडा होता आणि त्यात करड्या रंगाचं एक हृदय सावकाश फिरत होतं, पेरूएवढं. "हे कुणाचं?" त्याने विचारलं.

"कुणाचंच नाही. पुस्तकातलं. आता आईचं करायचंय." ती खुशीत होती. केस धुतलेले, नवा कुडता. शुक्रवारी हाच घालणार, म्हणाली. "द्या बघू."

त्याने पिशवीतून पट्टी काढून दिली. तिने ती उलटी केली, सुलटी केली, उजेडात धरली, आणि मग ती हसायला लागली. "पप्पा! लॅमिनेशन केलंत? ईसीजीला? अहो, तो कागद उष्णतेनेच उमटतो. तुम्ही आईला भाजून आणलंत की!" हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने पट्टी टेबलावर ठेवली आणि त्याचा हात धरला. "किती जपायला गेलात. जाऊ द्या. तुमच्यासारखा माणूसच हे करू शकतो. काही बिघडत नाही. नॉर्मल होता एवढं माहीत आहे ना आपल्याला, मी नॉर्मलचे आकडे घालते." ती खुर्चीवर वळली आणि बोटं चालवायला लागली. "चारशे वीस घालू? बायकांचं थोडं जास्त असतं. चारशे तीस घालते."

इथे गप्प बसता आलं असतं. पितांबरला ते स्पष्ट दिसलं. ती आकडा घालेल, हृदय चालेल, शुक्रवारी ती बोलेल, तिला जागा मिळेल, ती चार वर्षं परदेशात बसून एका प्रश्नाचं उत्तर शोधेल, आणि तो प्रश्न त्याने एका खोट्या वाक्याने बनवलेला असेल.

"पाचशे चाळीस," तो म्हणाला.

"काय?"

"पाचशे चाळीस होता. डॉक्टरांनी लिहिला होता. पेनाने. खाली दोन रेघा होत्या."

तिची बोटं थांबली. ती वळली नाही. "आणखी काय लिहिलं होतं?"

"नाशिक. उद्याच."

मग त्याने सगळं सांगितलं. शिट्टी, मोबाइल, स्कूटर, कानबाई, ढोल. बसमधे न जुळलेली वाक्यं आता सरळ एकामागून एक आली, पाणी सोडण्याचं वेळापत्रक सांगावं तशी. देवीकडे गेलेले हातही सांगितले. ती पाठमोरी ऐकत होती. तिची मान ताठ होती आणि कानाच्या मागची शीर त्याला दिसत होती.

"लॅमिनेशनवाला काही बोलला नाही?"

"बोलला. काळा पडेल म्हणाला."

"आणि तरी?"

"तरी कर म्हटलं. मला सगळ्यांनी सांगितलं होतं, मृणाल. डॉक्टरांनी सांगितलं, त्यानेही सांगितलं."

मग तिने चारशे तीस पुसून पाचशे चाळीस घातलं आणि एक बटण दाबलं. हृदयावर रंगाची लाट यायला लागली, वरून खाली, वरून खाली, दर ठोक्याला लाल आणि मागे निळी. पितांबरला ते समजायला कुणी सांगावं लागलं नाही. निळं व्हायला उशीर लागत होता. तिने आणखी काहीतरी घातलं, एक धक्का, म्हणाली, आणि पुढची लाट मागच्या लाटेत शिरली, वाट चुकली, स्वतःभोवती फिरायला लागली. हृदय थरथरलं. मग सगळं करडं झालं. मृणालीने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पण आधी यादीतून एका औषधाचं नाव निवडलं. तोच आकडा, तोच धक्का. लाट अडखळली, थांबली, आणि पुढे गेली.

"हे काय दिलंस?"

"गोळी. बी.पी.ला देतात ती. कुठल्याही मेडिकलमधे मिळते." तिचा आवाज सपाट होता. "आई वाचलीच असती असं नाही म्हणता येत. हा कॉम्प्युटर आहे."

लाट पुढे जात राहिली. पितांबर ते पाहत बसला. त्याला ते थांबायला नको होतं आणि पाहवतही नव्हतं.

"प्रश्नच चुकीचा होता माझा," ती म्हणाली. "कागदाने सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. शुक्रवारी मी काय बोलू?" तो काही म्हणणार तेवढ्यात ती एकदम वळली. तिचा चेहरा बदलला होता. रागाचा नव्हता. हिशेब लागल्यावर होतो तसा होता. "पप्पा, हे पोरांत उतरतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"काय उतरतं?"

"हे. पाचशे चाळीस. आईचं असलं तर मला असण्याची शक्यता निम्मी. म्हणून तर डॉक्टर घरच्यांचे ईसीजी काढायला लावतात. नाशिकला गेला असतात तर पहिल्याच दिवशी मला बोलावलं असतं." ती उभी राहिली. "कॉलेजात मागच्या महिन्यात फायर अलार्म वाजला तेव्हा मी जिन्यात पडले होते. उपाशी होते म्हणून वाटलं. तुम्हाला फोनवर सांगितलंसुद्धा होतं."

सांगितलं होतं. त्याने विचारलं होतं, वेळेवर जेवत नाहीस का.

त्याला खाली बसावंसं वाटलं आणि लक्षात आलं की तो बसलेलाच आहे. तीन वर्षं त्याला वाटत होतं, हे गेलेल्या माणसाचं आहे, ज्याचं काय व्हायचं ते होऊन गेलं, आता जे जळायचं ते माझ्यापुरतं. तो ते ओझं म्हणून वाहत होता, आणि ओझं वाहणारा माणूस स्वतःला थोडा चांगलाही समजतो. ते ओझं नव्हतंच. तो मुलीच्या वाटेवर व्हॉल्व्हच्या खड्ड्याचं झाकण उघडं ठेवून त्याच्या शेजारी उभा होता, तोंड मिटून.

मृणालीने लॅपटॉप बंद केला, पर्स घेतली. त्याला चला म्हणाली नाही. तो मागोमाग उतरला. ती पुढे, तो दहा पावलं मागे, असे ते चौकापर्यंत चालले. रिक्षात ती एका टोकाला बसली. त्याने एकदा, "माय," म्हटलं. तिने बाहेर पाहत, "आता नको," म्हटलं.

हृदयाच्या दवाखान्यात दुपार असूनही गर्दी होती. भिंतीला लागून खुर्च्यांची रांग, एक जण आत गेला की सगळे एकेक खुर्ची पुढे सरकायचे. मृणालीने खिडकीवर नाव सांगितलं, काय झालं ते हळू आवाजात सांगितलं, आणि तिला रांगेबाहेर लगेच आत घेतलं. लगेच घेतलं, हे त्याला आवडलं नाही. तो रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर बसला. शेजारी फैजपूरकडचा कुणी शेतकरी होता, तो वाऱ्याने पडलेल्या केळीच्या बागेबद्दल काहीतरी सांगत होता. पितांबर हं हं करत होता. त्याचे हात गुडघ्यांवर होते आणि त्याच्या नकळत मोजत होते. एकवीस. बावीस. मग पुन्हा एक. आतून मशीनची करकर ऐकू आली, कागद निघत असल्याची. थांबली. थोड्या वेळाने पुन्हा करकरली.

दुसऱ्यांदा काढताहेत.

तो उठला. दार उघडलं आणि सिस्टर बाहेर आली. "मृणाली पितांबर पाटील. यांच्यासोबत कोण आहे? डॉक्टर बोलावताहेत."

पितांबरने पाऊल पुढे टाकलं. सिस्टरच्या मागे दार अर्धं उघडं होतं. आत पांढरा पडदा, टेबलाची कड, आणि टेबलावरून खाली लोंबणारी मृणालीची पावलं दिसत होती, मोजे काढलेली.

"सिस्टर," आतून मृणालीचा आवाज आला. अगदी साधा, वर्गात हजेरी घेताना असावा तसा. "सोबत कुणी नाही. मी एकटीच आले आहे."

सिस्टरने आत पाहिलं, मग समोर उभ्या असलेल्या पितांबरकडे पाहिलं. "काका, तुमचा नंबर किती?"

त्याच्याकडे नंबर नव्हता.

"बसा मग," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

तो बसला. शेतकरी पुढच्या खुर्चीवर सरकला होता. मागून आलेल्या एका बाईने त्याला हाताने खुणावलं, सरका की पुढे. तो सरकला.